एका लेझरचे शंभर लेझर : मल्टीबीम तंत्रज्ञान नेमकं काम कसं करतं?

मोबाईलची मागची काच फुटली म्हणून कधी रिपेअरिंगच्या दुकानात गेला असाल, तर तिथे एक छोटं लेझर मशीन पाहिलं असेल. फोन उलटा करून आत ठेवतात, कॉम्प्युटरवर मॉडेल निवडतात, आणि मग काचेखाली एक झगझगीत ठिपका सरसर धावायला लागतो. डावीकडून उजवीकडे, एक ओळ खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. काच आणि बॉडी यांच्या मधला रंग आणि गोंद तो जाळत जातो, म्हणजे काच सुटी होते. बघायला मजा येते, पण पहिल्या मिनिटानंतर आपण हातातल्या दुसऱ्या कामाकडे वळतो. कारण ठिपका एकच आहे आणि काच मोठी आहे.

(जाता जाता एक सांगतो. यातला खरा लेझर डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती जळण्याची चमक. त्यामुळे मशीनचं झाकण उघडं असेल तर जवळ जाऊन बघू नका, आणि त्याचा क्लोजअप व्हिडिओ तर अजिबात काढू नका. लेझरने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.)

आता हाच प्रश्न जरा मोठा करून बघू. काच सुटी करायची नसून धातूच्या पत्र्यात भोकं पाडायची आहेत. प्रत्येक भोक १० मायक्रॉनचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या हिश्श्याचं. आणि भोकं किती? ५ कोटी ९० लाख.

हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. जर्मनीतल्या आखेन शहरात फ्राउनहोफर आयएलटी नावाची लेझर संशोधन संस्था आहे. तिने काही कंपन्यांबरोबर 'सिमकॉनड्रिल' नावाचा प्रकल्प केला. उद्देश होता सांडपाण्यातलं मायक्रोप्लास्टिक गाळण्याचा. कपडे धुताना निघणारे सिंथेटिक धागे, टायर झिजून उडणारे कण, हे सगळं गटारात जातं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्यातलं बरंचसं अडकतं, पण सगळं नाही. जे सुटतं ते नदीत जातं. ते अडवायचं तर चाळणीची भोकं १० मायक्रॉनच्या आसपास हवीत, सगळी एकसारखी हवीत, आणि पाणी तुंबू नये म्हणून प्रचंड संख्येने हवीत. म्हणून ५ कोटी ९० लाख. असा फिल्टर बनला आणि काम्प-लिंटफोर्ट या गावातल्या सांडपाणी केंद्रात त्याची चाचणीही झाली.

आता हिशोब करू. समजा एका लेझर बीमला एक भोक पाडायला एक सेकंद लागतो. तर ५ कोटी ९० लाख सेकंद, म्हणजे ६८३ दिवस. मशीन दिवसरात्र चालू, सुट्टी नाही, वीज गेली नाही, तरी पावणेदोन वर्षांपेक्षा जास्त. एका चाळणीसाठी! तिची किंमत कोण देणार? म्हणजे भोक पाडता येतं की नाही हा प्रश्न उरलेलाच नव्हता. ते परवडेल अशा वेळात पाडता येतं का, हा प्रश्न होता. १०० बीम एकाच वेळी चालवले तर तेच काम ७ दिवसांत होतं. सिमकॉनड्रिलमध्ये नेमकं हेच केलं: एका लेझरचे शंभराहून जास्त तुकडे केले आणि शंभराहून जास्त भोकं एकदम पाडली.

पण थांबा. लेझर एकच असताना त्याचे शंभर तुकडे केले, तर प्रत्येकाची ताकद कमी होऊन शंभरावा हिस्साच नाही का उरणार? मग फायदा कसला? शंका बरोबर आहे. आणि सगळी गंमत हिच्या उत्तरातच आहे.

जास्त ताकद म्हणजे जास्त काम? इथे तसं नाही

अशा बारीक कामासाठी जो लेझर वापरतात तो सतत पेटलेला नसतो. तो पल्समध्ये येतो, आणि एकेक पल्स काही पिकोसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळाची असते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ०.३ मिलिमीटर पुढे सरकतो. इतके छोटे पल्स पुरेशा ताकदीचे करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये शोधली, आणि त्यासाठी त्यांना २०१८ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

इतकी घाई कशाला? धातूवर प्रकाश पडला की तो आधी इलेक्ट्रॉन पकडतात, आणि तिथून उष्णता अणूंकडे जायला काही पिकोसेकंद लागतात. पल्स त्याच्या आतच संपली, तर उष्णता आजूबाजूला पसरायच्या आधीच तेवढा भाग वाफ होऊन उडून जातो. कडा स्वच्छ राहते.

घरी ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे लगेच समजेल. ठिपके सारख्या अंतरावर यावेत म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने ओळीत भोकं पाडायची पद्धत आहे. उदबत्ती टेकवून पटकन उचलली तर भोक नेटकं पडतं. जरा जास्त वेळ धरली की भोक पसरतं, कडा काळी पडते, आणि कधीकधी शेजारचं भोक त्यात मिसळून जातं. लेझरमध्ये अगदी हेच होतं. हळू आणि लांब पल्स म्हणजे टेकवून ठेवलेली उदबत्ती.

आता ताकदीकडे येऊ. प्रत्येक पदार्थाला एक उंबरठा असतो. त्यापेक्षा कमी ऊर्जेची पल्स पडली तर काहीच उडत नाही. जास्त पडली तर उडतं. पण खूप जास्त पडली तर? खोली थोडीशीच वाढते, बाकीची ऊर्जा उष्णता बनून कडा वितळवत बसते. गणित असं सांगतं की ठिपक्याच्या मध्यावर उंबरठ्याच्या साधारण ७.४ पट ऊर्जा असेल, तेव्हा दिलेल्या प्रत्येक ज्यूलमागे सगळ्यात जास्त धातू निघतो. त्याच्या वर गेलात की पैसे देऊन बिघाड विकत घेताय.

आकड्यांत बघा. आजचा १०० वॅटचा अल्ट्राफास्ट लेझर घेऊ, जो सेकंदाला १० लाख पल्स देतो. म्हणजे प्रत्येक पल्समध्ये १०० मायक्रोज्यूल. आणि २० मायक्रॉनच्या ठिपक्यात धातू नीट उडवायला हवेत साधारण २ मायक्रोज्यूल. पन्नासपट जास्त आहे! पेल्याला पाणी द्यायला टँकर आणल्यासारखं झालं.

मग दोन रस्ते उरतात. पहिला: पल्स छोट्या करा आणि संख्या वाढवा. २ मायक्रोज्यूलच्या पल्स, सेकंदाला ५ कोटी. ऐकायला छान आहे, पण प्रत्येक पल्स नव्या जागी पडायला हवी, नाहीतर एकाच जागी मारून मारून ती जागा तापते आणि आपण परत उदबत्ती टेकवून धरल्यासारखं करतो. दोन पल्समध्ये १० मायक्रॉनचं अंतर ठेवायचं म्हटलं तर ठिपका सेकंदाला ५०० मीटर पळायला हवा. ताशी १,८०० किलोमीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेग. रिपेअरच्या दुकानातल्या मशीनमध्ये ठिपका फिरवायला दोन छोटे हलणारे आरसे असतात. तसे आरसे सेकंदाला काही मीटर इतपत वेग आरामात देतात. त्याच्या पुढे गेलं की वळणावर अडखळतात. गरगर फिरणाऱ्या अनेक बाजूंच्या आरशाने वेग खूप वाढवता येतो, आणि तशी मशीन आहेतही, पण ती टीव्हीच्या जुन्या पडद्यासारखी सरळ ओळीच मारतात, त्यामुळे प्रत्येक कामाला चालत नाहीत.

दुसरा रस्ता: पल्स तशीच मोठी ठेवा आणि ती ५० जणांत वाटून टाका. प्रत्येकाला २ मायक्रोज्यूल, म्हणजे नेमकं हवं तेवढं. वाटल्यामुळे ताकद कमी होते ही शंका बरोबरच होती, फक्त इथे ती कमी व्हायलाच हवी होती.

एकाचे अनेक करायचे कसे?

आरशांनी अर्धे-अर्धे करत गेलं तर दोनाचे चार, चाराचे आठ होतात, पण ६४ ला पोचेपर्यंत टेबलावर आरशांचं जंगल होतं. त्याऐवजी वापरतात एक काचेची छोटी चकती. तिला डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिकल एलिमेंट म्हणतात, आपण डीओई म्हणू. दिसायला साधी काच, पण तिच्यावर सूक्ष्म पायऱ्या कोरलेल्या असतात, प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या उंचीच्या. या पायऱ्यांमुळे लाटेचा काही भाग थोडा मागे पडतो, काही पुढे राहतो. मग पुढे गेल्यावर या लाटा काही ठराविक दिशांना एकमेकींना साथ देतात आणि बाकी सगळीकडे एकमेकींना पुसून टाकतात. पायऱ्यांचं डिझाइन असं केलेलं असतं की साथ मिळणाऱ्या दिशा बरोबर ८ गुणिले ८ अशा जाळीत येतात. पुढे एक लेन्स ठेवली की ६४ ठिपके तयार.

थोडक्यात, हा रांगोळीचा भोकांचा कागद आहे. वरून एकदा हात फिरवला की सगळे ठिपके एका झटक्यात. (फरक इतकाच की रांगोळीच्या कागदावर भोकांमधली पूड वर अडकून राहते. डीओई प्रकाश अडवत नाही, वळवते. अडवला असता तर बहुतेक ऊर्जा वायाच गेली असती.)

आणि रांगोळीच्या कागदाची जी अडचण, तीच हिचीही. ११ ते ६ ठिपक्यांचा कागद केला की त्यातून तेवढीच रांगोळी निघते. डीओईची जाळी ठरलेली, ठिपक्यांमधलं अंतर ठरलेलं. फिल्टरला हे चालतं, कारण ५ कोटी ९० लाख भोकं एकाच छापाची असतात. पण साच्यावर प्रत्येक ठिकाणी वेगळी नक्षी कोरायची असेल तर? सगळे ६४ बीम एकच हालचाल करणार, एकच अक्षर ६४ वेळा लिहिणार.

दुसरीही एक बारीक कटकट आहे. चकती कितीही चांगली असली तरी थोडा प्रकाश न वळता सरळ निघून जातो आणि मधला ठिपका इतरांपेक्षा भडक होऊ शकतो. काही प्रकाश जाळीच्या बाहेर भरकटतो. आता तुमच्या चाळणीत मधल्या ओळीची भोकं १० ऐवजी १३ मायक्रॉनची झाली, तर १२ मायक्रॉनचा प्लास्टिकचा कण तिथूनच निसटणार. म्हणून अशा मशीनमध्ये खूपसा वेळ ठिपके समान करण्यातच जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं कौतुक ताकदीचं आहे, खरं कौतुक वाटणी सारखी करण्याचं आहे. घरात चार भावंडांत आंबा कापणाऱ्याला विचारा.

बदलता येणारा कागद, आणि प्रत्येक भोकाला झाकण

ठिपके हवे तसे हलवता आले तर? त्यासाठी स्पेशियल लाइट मॉड्युलेटर नावाचा भाग असतो, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. एलसीडी स्क्रीनच्या फोनमध्ये जे लिक्विड क्रिस्टल असतं, तेच यात असतं. फोनमध्ये ते प्रत्येक पिक्सेलचा उजेड कमी-जास्त करतं. इथे ते प्रत्येक पिक्सेलपाशी प्रकाशाची लाट थोडी मागे-पुढे करतं. म्हणजे डीओईच्या पायऱ्या आता काचेत कोरलेल्या नाहीत, सॉफ्टवेअरमधून काढलेल्या आहेत. पाहिजे तर ९ ठिपके, पाहिजे तर ३०, पाहिजे तर गोलात. कॅमेरा लावून कोणता ठिपका भडक आहे ते बघायचं आणि पॅटर्न दुरुस्त करायचा, हेही जमतं.

पण लिक्विड क्रिस्टल मुळात आळशी. साधारणपणे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं. स्क्रोल करायला तेवढं ठीक, पण इथे लेझर सेकंदाला १० लाख पल्स मारतोय. एक चित्र बदलेपर्यंत हजारो पल्स पडून गेलेल्या असतात. शिवाय मोठ्या पॉवरखाली ते तापतं.

म्हणून आखेनच्याच मंडळींनी युरोपियन युनियनच्या 'मल्टिफ्लेक्स' प्रकल्पात वेगळा रस्ता घेतला. १ किलोवॅटचा अल्ट्राफास्ट लेझर, त्याचे ८ गुणिले ८ असे ६४ बीम, आणि प्रत्येक बीमला स्वतःचा स्विच. स्विच कशाचा? आवाजाचा! क्रिस्टलमध्ये अतिउच्च वारंवारतेचा ध्वनी सोडला की आतला पदार्थ लाटांप्रमाणे दाबला-सुटला जातो, आणि त्या लाटांवरून प्रकाश वळतो. ध्वनी चालू केला की बीम वळून कामाच्या दिशेला, बंद केला की बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात. याला अॅकॉस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर म्हणतात, आणि तो लिक्विड क्रिस्टलपेक्षा हजारो पट चपळ असतो. कागदाच्या प्रत्येक भोकाला वेगळं झाकण असल्यासारखं. ६४ ठिपके एकत्र पुढे सरकतात, पण कोण कुठे पेटायचं ते स्वतंत्र ठरतं. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये पिनांची ओळ सरकत असे आणि हवी ती पिन टकटक करे, अगदी तसंच. तहसील कार्यालयात किंवा एसटीच्या जुन्या खिडकीवर तो आवाज ऐकला असेल.

मग बीम हजार का नाहीत?

लेझर दिवसेंदिवस ताकदवान होतायत, मग ६४ चे ६,४०० का करत नाहीत? कारण उष्णता. एका बीमने केलेलं काम कितीही थंड असलं तरी थोडी उष्णता मागे राहतेच. एकच बीम असताना ती शांतपणे पसरून जाते. शेजारी-शेजारी शंभर बीम असले की सगळ्यांची शिल्लक उष्णता एकत्र होते. पातळ पत्रा असेल तर तो फुगतो, वाकतो, आणि पत्रा थोडासा वर आला की ठिपक्याचा फोकस बिघडतो. म्हणून बीम एकमेकांपासून लांब ठेवायचे, मधली भोकं पुढच्या फेरीला पाडायची, असे उपाय करतात. कोणत्या क्रमाने भोकं पाडली तर पत्रा कमी तापेल हे आधी कॉम्प्युटरवर करून बघणं, हा या कामाचा मोठा भाग आहे.

शिवाय उडालेला धातू कुठेतरी जाणारच. तो वाफ आणि धूळ होऊन वर येतो आणि पुढच्या पल्सच्या वाटेत उभा राहतो. एकाची धूळ शेजाऱ्याच्या डोळ्यात.

हीच भांडणं मेटल थ्रीडी प्रिंटिंगमध्ये आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतात. तिथे एका बीमचे तुकडे करत नाहीत, सरळ अनेक लेझर बसवतात, कारण धातूची पूड वितळवायला प्रत्येक ठिकाणी भरपूर ताकद लागते, वाटायला शिल्लक काही नसतं. जर्मनीच्या एसएलएम सोल्युशन्सने २०२० मध्ये आणलेल्या एनएक्सजी १२ ६०० या मशीनमध्ये १ किलोवॅटचे १२ लेझर आहेत. एका मोठ्या रांगोळीवर बारा जणी बसल्यासारखं. काम भराभर होतं, पण दोघींच्या हद्दी जिथे मिळतात तिथली रेघ जुळायला हवी. जुळली नाही तर त्या सांध्यावर भाग कमजोर होतो, आणि विमानाच्या भागात कमजोर सांधा म्हणजे काय ते सांगायला नको.

काही वेळा बीम वेगळे ठेवायचेच नसतात. दोन बीम मुद्दाम एकाच जागी एकमेकांवर पाडले, तर पाण्यात दोन दगड टाकल्यावर लाटा मिसळतात तशी उजेड-अंधाराची पट्टेदार नक्षी तयार होते. उजेडाच्या पट्ट्यावर धातू उडतो, अंधाराच्या पट्ट्यावर राहतो. एका पल्समध्ये शेकडो खाचा! ठिपका-ठिपका कोरायचाच नाही, छापच मारायचा. ड्रेस्डेनमध्ये आंद्रेस लासाग्नी यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. विमानाच्या पृष्ठभागावर बर्फ चिकटू नये म्हणून अशी नक्षी कशी उपयोगी पडेल, हे त्यांनी एअरबसबरोबर तपासलं आहे.

तुमच्या हातातल्या फोनशी या सगळ्याचं नातं आधीपासून आहे. फोनच्या सर्किट बोर्डात तांब्याचे अनेक थर असतात, आणि ते एकमेकांना जोडणारी जी बारीक भोकं असतात ती लेझरनेच पाडतात. बोर्ड जितका दाटीवाटीचा, तितकी भोकं जास्त, आणि भोक जितकं स्वस्त, तितका बोर्ड स्वस्त. त्यामुळे एकाच लेझरचा बीम दोन हेडमध्ये वाटून दोन बोर्ड एकदम करणं, ही त्या कारखान्यांतली जुनीच युक्ती आहे.

आणि रिपेअरच्या दुकानातलं ते मशीन? ते पुढेही एकाच बीमवर चालेल असं मला वाटतं. त्याची पॉवर काही दहा वॅट असते, वाटून घ्यावं इतकं जास्तीचं त्यात फारसं नसतं. आणि प्रत्येक मॉडेलला कॅमेऱ्याची खिडकी वेगळ्या जागी असते, तिथे ठरलेल्या जाळीच्या ६४ ठिपक्यांपेक्षा इकडून तिकडे पळणारा एकटा ठिपकाच बरा. तुम्ही फक्त झाकण बंद आहे ना, तेवढं बघा.